झुबक्याने वाढणारे पंखापाम : फांदीच नाही, तर छाटायचं काय?

रानजाई

अंगणाच्या कोपऱ्यात एक कॅमेरॉप्स आहे, म्हणजे युरोपीय पंखापाम. लावला तेव्हा गुडघ्याएवढा होता, आता चांगलं बेट झालंय. मधली उंच खोडं डोक्याच्या वर गेलीत आणि बुडाशी फुटव्यांची एवढी गर्दी की खुरपं आत शिरत नाही (लोखंडाचं, 'खुरपं' या आयडीवाल्यांनी राग मानू नये). आत वाळकी पानं लोंबतायत, देठांना काटे आहेत, आणि शेजारून पायवाट जाते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे अडकतात.

घरात एकमत झालंय की सगळं बेट कमरेएवढं छाटून टाकावं, जास्वंदीसारखं परत फुटेल. मला ते पटत नाहीये, पण पटत नाही म्हणजे नेमकं काय चूक आहे तेही सांगता येत नाहीये. उंची कमी कशी करायची? खालची पिवळी पानं काढायची की ठेवायची? आणि बुडाचे फुटवे वेगळे लावले तर जगतात का?

दुसरा प्रश्न व्हरांड्यातल्या रॅपिसचा, हाही झुबक्याने वाढणारा पंखापामच. कुंडी पुरती भरलीय, पानांची टोकं करपतायत. पाणी वेळेवर असतं.

उनाड_पाखरू

कात्री खाली ठेवा आणि खुरपं यांची वाट बघा. मीही बसतोय इथेच.

खुरपं

आलो. कमरेएवढं छाटू नका. छाटलंत तर त्यातलं एकही खोड परत फुटणार नाही.

जास्वंदीच्या प्रत्येक फांदीवर झोपलेले डोळे असतात, म्हणून ती कुठेही कापली तरी खालून फुटते. पामच्या उभ्या खोडाला वाढीचा डोळा एकच, अगदी शेंड्यात, कोवळ्या पानांच्या गाभ्यात. नवं पान तिथूनच पोग्याच्या, म्हणजे न उलगडलेल्या पानाच्या रूपात वर येतं. तो शेंडा गेला की ते खोड संपलं. काही महिने उरलेली पानं हिरवी दिसतात, त्यामुळे माणूस फसतो. बेटातला पाम एकखोडी पामपेक्षा नशीबवान एवढ्याच अर्थाने, की त्याला जमिनीलगत बुडाशी डोळे असतात आणि तिथून नवी खोडं येतात. म्हणजे तुम्ही सरसकट कमरेएवढं छाटलं तर बेट कदाचित मरणार नाही, पण मधे मेलेल्या खुंटांचा एक घोळका आणि भोवती पोरं, असं दृश्य पुढची कितीतरी वर्षं बघावं लागेल.

दुसरी गोष्ट, पामची जखम भरून येत नाही. आंब्या-वडाच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक थर असतो, तो जखमेच्या कडेने वाढून तिला झाकून टाकतो. पामला तो थरच नाही. तोडलेल्या खोडाची चकती एकदा नीट बघा. वर्षावलयं दिसत नाहीत, सगळीभर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची एक जुडी. त्यामुळे करवत खोडाला चुकून लागली, पान ओरबाडताना सालपट निघालं, खिळा ठोकला, तर ती खूण शेवटपर्यंत राहते आणि बुरशीला दार उघडं राहतं.

म्हणून उंची कमी करायचा मार्ग एकच. सगळ्यात उंच खोड निवडायचं आणि ते जमिनीलगत, अगदी बुडातून काढायचं. त्याच्या जागी दुसऱ्या उंचीचं खोड पुढे येतं. पानं मोजत बसू नका, खोडं मोजा. कोणती ठेवायची, कोणती काढायची, हा एकच निर्णय महत्त्वाचा, बाकी सगळी सफाई.

मी कसं करतो ते सांगतो. आधी वाळलेलं सगळं काढून बेट आतून मोकळं करतो, कारण तोवर कुठलं खोड कुठून आलंय ते कळतच नाही. मग दोन दिवस काहीही करत नाही, येता-जाता चारही बाजूंनी बघतो. घरातून दिसणारी बाजू एक असते आणि फाटकातून दिसणारी वेगळीच. वेगवेगळ्या उंचीची, बाहेरच्या बाजूला थोडी झुकलेली, एकमेकांना न घासणारी खोडं ठेवायची. मधोमध अडकलेलं, वाकडंतिकडं, शेजाऱ्याच्या पानांत घुसलेलं, ते काढायचं. एका वेळी बेटाचा तिसरा हिस्सा खोडं फार तर. उरलेलं पुढच्या वर्षी. तुमच्या बाबतीत पायवाटेकडच्या बाजूची खोडं आधी काढा, काट्यांचा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल.

खोड काढताना ते तुकड्यातुकड्याने खाली आणा. आधी पानं, मग वरचा भाग, मग बूड. पूर्ण खोड एका दणक्यात पाडलं तर शेजारचा पोगा मोडतो, आणि पोगा मोडणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे.

चिकित्सक

खुरपं, बाकी सगळं मान्य. "वाळलेलं सगळं काढतो" इथे मात्र थोडं सावध लिहा, लोक वाळलेलं आणि पिवळं एकच धरतात.

रानजाई, पूर्ण तपकिरी, कडक झालेलं पान खुशाल काढा. अर्धं पिवळं, अर्धं हिरवं असेल तर राहू द्या. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात इकडून तिकडे फिरू शकतात. जमिनीत ती कमी पडली की पाम म्हाताऱ्या पानांतून ती काढून नव्या पानांना देतो. ते पिवळं पान म्हणजे त्याची शिल्लक आहे. तुम्ही ते कापून टाकलंत की तो वरच्या पानाला हात घालतो, मग ते पिवळं पडतं, तेही तुम्ही कापता. असं करत करत शेवटी शेंड्याला चार पानांचा तुरा राहतो आणि लोक म्हणतात पाम "नीटनेटका" दिसतो.

हिरवी पानं कापण्याबद्दल एक सोपा नियम आहे. शेंड्याच्या जागी घड्याळाची तबकडी कल्पा. नऊ ते तीन या आडव्या रेषेच्या वरचं एकही पान कापायचं नाही. खरं तर रेषेखालचं हिरवं पानही कापायची गरज नसते. पायवाटेत येत असेल तर गोष्ट वेगळी.

रानजाई

हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे पिवळं दिसलं की तोडलं, अशीच पद्धत. पण मुळात पिवळं का पडतंय? वयामुळे की खत कमी?

चिकित्सक

पान तोडून उन्हाकडे धरा आणि खालून बघा (एकच तोडा!). सर्वात जुन्या पानांवर बारीक पिवळे-केशरी ठिपके, उजेड आरपार येतोय असे, आणि टोकं करपलेली, तर पोटॅशियम कमी. पानाची कड रुंद पिवळ्या पट्ट्याने रंगलीय आणि मधला भाग मात्र ठळक हिरवा, तर मॅग्नेशियम कमी. दोन्ही एकत्रही असतात.

नव्या पानांत बिघाड असेल तर प्रकरण निराळं. नवं पान आखूड, चुरगळलेलं, करपल्यासारखं निघत असेल तर मॅंगनीज कमी. चुनखडीच्या, विम्ल मातीत हे हमखास होतं, कारण तिथे मॅंगनीज असूनही मुळांना उचलता येत नाही. यावर एप्सम सॉल्ट टाकून उपयोग शून्य. त्यात मॅग्नेशियम असतं, मॅंगनीज नसतं. मॅंगनीज सल्फेट लागतं. नवी पानं सरसकट फिकट पिवळी असतील तर लोह कमी पडतंय, आणि त्याचं कारण बरेचदा मातीत लोह नसणं हे नसून मुळं गुदमरणं हे असतं. झाड खोल लावलंय का, पाणी साचतंय का, ते आधी बघा.

खताचं म्हणाल तर फ्लोरिडा विद्यापीठाने पामसाठी 8-2-12 आणि वर 4 टक्के मॅग्नेशियम असं प्रमाण सुचवलंय. नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅशियम) याच क्रमाने. म्हणजे पालाश नत्रापेक्षा जास्त, स्फुरद नावापुरतं. आणि सगळं सावकाश सुटणारं. हिरवळीला टाकतात तसलं नुसतं नत्राचं खत पामच्या बुडाशी पडलं तर झाड जोरात वाढायला लागतं आणि पालाश आणखी अपुरा पडतो. नुसता पालाश ओतला तर मॅग्नेशियम मागे पडतं, म्हणून जोडीनेच द्यायचं. जे पान ठिपकेदार झालंय ते परत हिरवं होणार नाही. सुधारणा नव्या पानांत दिसेल, आणि जुनी सगळी बदलून जायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. पामकडे घाई चालत नाही.

गच्चीवाला

रॅपिसबद्दल मी बोलतो, माझ्याकडे कुंड्यांतच आहेत सगळे.

कुंडीतल्या रॅपिसची टोकं करपण्याची कारणं बहुतेकदा दोनच असतात असं माझं मत. एक तर कडक ऊन, नाहीतर कुंडीत साठलेले क्षार. कॅमेरॉप्सला दिवसभर ऊन पाहिजे, रॅपिसला ते सोसत नाही. तो मुळात दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामकडचा, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. दुपारचं ऊन लागलं की पानं आधी निस्तेज पिवळट होतात, मग करपतात. सावलीत गर्द हिरवी. तुमचा व्हरांड्यात आहे म्हणजे उन्हाचा प्रश्न नसावा, मग क्षार. पाणी "वेळेवर" देताय ते ठीक, पण खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत देता का? रोज थोडं थोडं शिंपडलं तर पाण्यातले आणि खतातले क्षार कुंडीतच राहतात. कडेला पांढरी पापडी दिसते का बघा. दिसली तर कुंडी मोरीत ठेवून भरपूर पाणी वाहू द्या, निथळू द्या, पुन्हा वाहू द्या. खत महिनाभर बंद.

करपलेलं टोक कातरायचं असेल तर कातरा, पण हिरव्यात शिरू नका. तपकिरीची केसभर कड ठेवून कातरायचं. हिरव्यात कापलं की नवी कड पुन्हा करपते. रॅपिसच्या पानाची बोटं मुळातच टोकाला बोथट आणि दातेरी असतात, त्यामुळे कातरलेलं फारसं कळतही नाही. कॅमेरॉप्सची बोटं टोकदार, तिथे लगेच डोळ्यात भरतं.

कोवळे_ऊन

रॅपिसच्या खोडावरचं ते तपकिरी जाळीदार वेष्टन काढायचं की ठेवायचं? मला ते तसंच आवडतं, पण त्यात पिठ्या ढेकूण लपतात असं ऐकलंय.

गच्चीवाला

लपतातच. खवले कीडही. तरी मी सरसकट सोलत नाही. खालच्या जुन्या भागावरचं आपोआप सैल होतं, ते हाताने सुटत असेल तेवढंच काढायचं. वर शेंड्याकडचं ओढलं तर कोवळं खोड सोलवटतं. कीड दिसली की ओल्या फडक्याने देठाच्या बेचक्या पुसून काढा, मग साबणाचं पाणी फवारा.

कोवळे_ऊन

धन्यवाद. आता फुटव्यांचं मी सांगते, कारण दोन्ही जातींवर हात चालवलाय.

रॅपिस सोपा. तो जमिनीखालून आडव्या खोडाने पसरतो आणि त्या आडव्या खोडाला जागोजागी मुळं असतात. कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढायचा, कुठून विभागता येईल ते बोटांनी चाचपायचं आणि करवतीने सरळ कापायचं. प्रत्येक भागात निदान दोन-तीन खोडं आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. एकेकटं खोड लावलं तर जगतं, पण बसून राहतं. रानजाई, तुमची कुंडी भरलीच आहे, तर हे याच उबदार मोसमात उरकून घ्या. थंडीत पामची मुळं हलत नाहीत, कापलेली मुळं तशीच ओल्या मातीत कुजतात.

कॅमेरॉप्स हट्टी आहे. त्याचा फुटवा मूळ खोडाला बुडाशी घट्ट चिकटलेला असतो आणि बहुतेकदा त्याला स्वतःची मुळं अगदीच थोडी असतात किंवा नसतातच. बिनमुळांचा फुटवा तोडून मातीत खोचला तर तो गेला. मी आधी बाजूची माती उकरून बघते. मुळं दिसली तरच पुढे जायचं. मग जोडाचा भाग धारदार पात्याने तोडायचा, पण फुटवा उचलायचा नाही. माती परत लोटायची आणि त्याला तिथेच ठेवायचा. दीड-दोन महिन्यांनी शेंड्यातून नवा पोगा सरकताना दिसला की मगच मातीच्या गड्ड्यासकट उचलायचा. उचलल्यावर पानं अर्धी कमी करायची. इथे हिरवी पानं कापलेली चालतात, कारण मुळं तुटल्यामुळे तेवढ्या पानांना पाणी पुरत नाही. मग सावलीत, निचऱ्याच्या मातीत. आणि आधी जेवढा खोल होता तेवढाच खोल. आधार मिळावा म्हणून बुडाशी माती चढवायची सवय असते सगळ्यांना, ती पामला मानवत नाही.

एवढं करूनही सगळे जगतातच असं नाही. झाडं वाढवायचीच असतील तर बी बरं, पण त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, एकट्या झाडाला रुजणारं बी मिळेलच असं नाही.

रानजाई

म्हणजे बुडाशी जी गर्दी आहे, ती सगळी लावायचा मोह सोडावा. मग त्यांचं काय करू?

खुरपं

मुळं असलेले दोन-चार निवडा, कोवळे_ऊन म्हणतात तसं करा. भविष्यातली खोडं म्हणून बाहेरच्या बाजूचे दोन-तीन ठेवा. बाकीचे आत्ताच काढा, बोटभर असताना. फुटवा लहान असतो तेव्हा जोडावर सिकेटर (छाटणीची कात्री) लावून सहज निघतो. तोच मनगटाएवढा झाला की करवत, पहार आणि कंबरदुखी. वर्षातून एकदा एवढं केलं तर बेट कधीच हाताबाहेर जात नाही. फुटवे पूर्ण काढत राहिलात तर एकखोडी झाडासारखाही वाढवता येतो. पण माझ्या मते बेट हीच त्याची शोभा, एकच खोड ठेवायचं तर मग एकखोडी पामच लावावा ना.

हत्यारांबद्दल लिहायचं राहिलं होतं. काट्यांसाठी कातडी हातमोजे, कोपरापर्यंतचे. डोळ्याला चष्मा, आणि हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. वाकून आत हात घालताना पानाचं टोक नेमकं डोळ्याच्या उंचीवर येतं. कापायचं पान आधी खाली ओढून धरा, देठ खोडापासून दोन-तीन बोटं राखून कापा. उरलेला देठाचा पाया ओरबाडू नका. तो वाळून सैल झाला की आपणच निघतो.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं धुवा. फ्युजेरियम या बुरशीची मर (झाड वाळवणारा रोग) करवतीवरून पसरते आणि तिच्यावर औषध नाही. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, त्यात 5 मिनिटं बुडवायचं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर ब्लीचने पातं गंजतं.

उनाड_पाखरू

कापलेल्या जागी काही लावायचं का? आमच्याकडे बागकाम करणारे काका डांबरासारखं काहीतरी काळं फासतात.

खुरपं

काही नको. उघडी जखम लवकर सुकते. रंग फासला की आत ओल कोंडते.

चिकित्सक

सहमत. एक पुरवणी. सोंड्या भुंगा असलेल्या भागात ताजा काप म्हणजे आमंत्रण असतं, त्याला तो वास लांबून येतो. मुख्य आवड नारळ-खजुराची, पण कॅमेरॉप्सही सोडत नाही. अशा ठिकाणी हिरव्याची, खोडाची छाटणी थंडीत करावी, तेव्हा भुंगे कमी फिरतात. वाळकी पानं कधीही काढा. देठांच्या बेचक्यातून चोथा, चिकट तपकिरी द्राव आणि आंबूस वास आला तर ते खोड ठेवू नका.

गच्चीवाला

आणि नवीन पान उघडल्यावर त्यावर एका ओळीत सारखी भोकं दिसली, तर पान पोग्यात घडी घालून असतानाच कोणीतरी आरपार पोखरलंय. घडी घातलेल्या कागदाला एकदा भोक पाडून तो उलगडल्यावर दिसतं ना, तसं. गेंड्या भुंग्याची ही सवय. त्याची अळी कुजलेल्या शेणखतात वाढते, म्हणून खताचा ढीग पामजवळ नको.

कोवळे_ऊन

बेटातलं एक खोड अचानक कोमेजलं आणि बुडाशी अर्धगोल, कडक, वरून चकचकीत तपकिरी असं आळंबं उगवलेलं दिसलं, तर ती गॅनोडर्माची बुडकूज. त्यावर उपाय नाही, खोड बुडासकट काढायचं. आणि त्याच जागी पुन्हा पाम लावायचा नाही, बुरशी मातीत राहते.

उनाड_पाखरू

एवढे रोग वाचून लोक पळून जातील, म्हणून थोडं अवांतर. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 साली लावलेला एक कॅमेरॉप्स आहे. 1786 मध्ये जर्मन कवी ग्योटे तिथे गेला आणि त्या झाडाची पानं लहानपणापासून मोठेपणापर्यंत कशी बदलत जातात ते बघत बसला. 1790 मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतराबद्दल निबंध छापला, त्यात या झाडाचा वाटा मानला जातो. झाड आता त्याच्याच नावाने ओळखतात. रानजाई, तुमच्या घरच्यांना सांगा, कमरेएवढं छाटलं असतं तर निबंध राहिला असता.

रानजाई

हा धागा घरी वाचून दाखवला. "मग उंच दोन काढ, बाकी राहू दे" इथपर्यंत मंडळी आलीत.

आज वाळलेली पानं काढली. दोन पोती निघाली. आतून पाहिलं तर उंच खोडं दोनच आहेत, तिसरं म्हणून जे वाटत होतं ते पहिल्याचंच वाकून वर गेलेलं. पायवाटेकडचं काढायचं नक्की केलंय. पिवळी पानं राखली. एक उन्हात धरून बघितलं, केशरी ठिपके आहेत, म्हणजे पोटॅशियम. रॅपिसच्या कुंडीच्या कडेला पांढरी पापडी आहेच.

एक शेवटचं. घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय, ते फुटवे चघळतं. विषारी तर नाहीत ना?

कोवळे_ऊन

कॅमेरॉप्स आणि रॅपिस दोन्ही विषारी नाहीत. काट्याने तोंड फाटेल ती भीती, म्हणून पिल्लाच्या उंचीवरच्या देठांचे काटे सिकेटरने उडवून टाका, झाडाला काही होत नाही. मात्र घरात सायकस असेल, ज्याला सागो पाम म्हणतात, तर तो आजच उचलून पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवा. तो पामच नाही, आणि त्याचं बी, पान सगळंच कुत्र्याच्या यकृताला घातक असतं.

रानजाई

सायकस आहे! फाटकाशीच आहे. हलवते.